कर्तव्यावरील पोलिसाच्या हत्येची शिक्षा

कर्तव्य बजावत असलेल्या पोलिसाच्या हत्येला इतर खुनांपेक्षा अधिक कठोर शिक्षा असावी की नाही, हा दंडविधी, शिक्षाशास्त्र आणि राज्यघटना या तिन्ही क्षेत्रांतील वादाचा विषय आहे. काही देशांच्या कायद्यांत अशा हत्येसाठी वेगळी, अनिवार्य किंवा वाढीव शिक्षा सांगितलेली आहे. इतर काही देशांत खुनाची शिक्षा सर्वांसाठी एकच असून, मृत व्यक्ती पोलीस होती ही बाब शिक्षा ठरवताना विचारात घेण्याचे न्यायाधीशावर सोपवलेले आहे. भारत या दुसऱ्या गटात मोडतो. या लेखात 'पोलीस' हा शब्द शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सर्व दर्जांच्या कर्मचाऱ्यांसाठी वापरला आहे. बहुतेक कायदेही या बाबतीत दर्जाचा भेद करत नाहीत.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या जुन्या सामान्य विधीत पोलिसाच्या हत्येला वेगळी शिक्षा नव्हती, कारण प्रत्येक खुनाला फाशी हीच शिक्षा होती. भेद होता तो गुन्हा सिद्ध करण्याच्या पातळीवर. कायदेशीर अटकेला बळाने विरोध करताना पोलिसाचा मृत्यू घडल्यास, आरोपीचा ठार मारण्याचा हेतू नसला तरी तो खून मानला जात असे. या तत्त्वाला 'आरोपित दुष्ट हेतू' म्हणता येईल. इ.स. १९५७ च्या मनुष्यवध अधिनियमाने ते रद्द केले.

याच अधिनियमाने पोलिसाच्या हत्येचा वेगळा वर्गही निर्माण केला. बहुतेक खुनांची फाशी काढून जन्मठेप ठेवताना ब्रिटिश संसदेने काही मोजक्या प्रकारांसाठी फाशी कायम ठेवली. कर्तव्यावरील पोलीस किंवा त्याला साहाय्य करणाऱ्या व्यक्तीचा खून हा त्यांपैकी एक होता. कॅनडा (१९६१) आणि आयर्लंड (१९६४) यांनीही थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला. म्हणजे या देशांत पोलिसाच्या हत्येची शिक्षा नव्याने वाढवली गेली नव्हती. इतर खुनांची शिक्षा कमी होत असताना ती मागे उरली. फाशी पूर्णपणे रद्द झाल्यावर या उरलेल्या वर्गाचे काय करायचे, या प्रश्नातून आजचे अनेक कायदे आकाराला आले.

भारतातील कायदा

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३०२ नुसार खुनासाठी मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि द्रव्यदंड अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(१) मध्ये हीच तरतूद कायम आहे. दोन्ही संहितांत पोलिसाचा खून हा स्वतंत्र गुन्हा नाही.

मात्र खुनापेक्षा कमी गंभीर गुन्ह्यांत कायदा लोकसेवकाला वेगळे संरक्षण देतो. साधी दुखापत केल्यास जी शिक्षा होते, त्यापेक्षा लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी दुखापत केल्यास अधिक शिक्षा होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२१ नुसार अशा दुखापतीसाठी पाच वर्षांपर्यंत, तर जबर दुखापतीसाठी किमान एक व कमाल दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. लोकसेवकावरील हल्ला किंवा फौजदारी बलप्रयोग कलम १३२ खाली येतो व त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. जुनी दंड संहिता लागू असताना महाराष्ट्राने राज्य दुरुस्ती करून या शेवटच्या गुन्ह्याची (तत्कालीन कलम ३५३) कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे केली होती. खुनाच्या बाबतीत असा वाढीव टप्पा नाही, कारण कलम १०३ मध्येच कायद्यातील सर्वोच्च शिक्षा उपलब्ध आहे.

खुनाच्या व्याख्येतही पोलिसाचे स्थान अप्रत्यक्षपणे येते. गंभीर व अचानक चिथावणीमुळे घडलेला मनुष्यवध खून ठरत नाही. पण लोकसेवकाने आपले अधिकार कायदेशीररीत्या वापरताना केलेली कृती चिथावणी म्हणून पुढे करता येत नाही. तसेच लोकसेवकाने पदाच्या अधिकारात व सद्भावनेने केलेल्या कृतीविरुद्ध खासगी बचावाचा हक्क सामान्यतः मिळत नाही, मग ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरीही. याला दोन मर्यादा आहेत. कृतीमुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण झाली असेल तर हा हक्क कायम राहतो. समोरची व्यक्ती लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तरीही तो हिरावला जात नाही. साध्या वेशातील पोलिसांच्या कारवाईत ही दुसरी मर्यादा महत्त्वाची ठरते.

पोलीस स्वतः आरोपी असताना लागू होणारा एक अपवादही व्याख्येत आहे. लोकसेवकाने सद्भावनेने, कर्तव्यासाठी आवश्यक समजून आणि कोणताही आकस न ठेवता अधिकारमर्यादा ओलांडली व त्यात कोणाचा मृत्यू झाला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो.

१९७८ चे विधेयक

पोलिसाच्या हत्येसाठी वेगळी तरतूद करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतातही झाला होता. भारतीय दंड संहिता (दुरुस्ती) विधेयक राज्यसभेने १९७८ साली संमत केले. खुनासाठी जन्मठेप ही सर्वसाधारण शिक्षा करावी आणि मृत्युदंड ठराविक प्रकारांपुरता मर्यादित ठेवावा, असा त्याचा रोख होता. या प्रकारांत सशस्त्र दले, पोलीस दल किंवा अन्य लोकसेवक यांच्या कर्तव्यावर असताना किंवा कर्तव्याच्या कारणावरून केलेल्या खुनाचा समावेश होता. १९७९ साली लोकसभा विसर्जित झाल्याने विधेयक व्यपगत झाले. ब्रिटन व कॅनडाप्रमाणेच येथेही वेगळा वर्ग सुचवला गेला तो फाशीचे क्षेत्र आकुंचित करण्याच्या प्रयत्नातून.

बचनसिंग आणि मिठू निकाल

बचनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९८०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मृत्युदंडाची घटनात्मकता मान्य केली व तो 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणांपुरता मर्यादित केला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचे मत विरोधी होते. सुनावणीत ज्येष्ठ विधिज्ञ डॉ. य. शं. चितळे यांनी गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणाऱ्या परिस्थितींची यादी सुचवली होती. कर्तव्यावरील किंवा कर्तव्यामुळे लक्ष्य झालेल्या पोलिसाचा खून हा त्या यादीतील एक घटक होता. अशा निदर्शकांना न्यायालयाने आक्षेप घेतला नाही. परंतु परिपूर्ण यादी करून न्यायाधीशाचा विवेकाधिकार बांधून टाकणेही नाकारले. पोलिसाची हत्या ही गांभीर्य वाढवणारी बाब असू शकते, पण तेवढ्यावरून शिक्षा आपोआप ठरत नाही, ही भारतीय भूमिका येथे निश्चित झाली.

मिठू विरुद्ध पंजाब राज्य (१९८३) या निकालाने ही भूमिका अधिक पक्की झाली. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केल्यास फाशी अनिवार्य करणारे कलम ३०३ घटनापीठाने अनुच्छेद १४ व २१ यांचा भंग करणारे म्हणून रद्दबातल ठरवले. मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचे होते. २०१२ साली पंजाब राज्य विरुद्ध दलबीरसिंग या खटल्यात शस्त्र अधिनियमातील अनिवार्य मृत्युदंडाची तरतूदही याच कारणाने घटनाबाह्य ठरली. पोलिसाच्या हत्येसाठी अनिवार्य फाशी सांगणारा कायदा या निकालांच्या कसोटीवर टिकणे अवघड आहे, असे यावरून दिसते.

फाशी आणि नेहमीची जन्मठेप यांच्यामधील पर्यायही न्यायालयांना उपलब्ध झाला आहे. भारत सरकार विरुद्ध व्ही. श्रीहरन (२०१५) या निकालात घटनापीठाने, ठराविक वर्षे किंवा उर्वरित आयुष्यभर शिक्षेत सूट मिळणार नाही अशी जन्मठेप देण्याचा उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा अधिकार मान्य केला. त्यामुळे नवा कायदा न करताही विशिष्ट प्रकरणात शिक्षेची तीव्रता वाढवता येते.

भारतातील काही प्रकरणे

ब्रिटिश राजवटीत पोलिसाची हत्या हा अनेकदा राजकीय गुन्हा मानला गेला. फेब्रुवारी १९२२ मध्ये गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून दिले व त्यात २२ पोलीस मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर महात्मा गांधींनी असहकार आंदोलन स्थगित केले. सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली; अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२३ साली त्यांपैकी १९ जणांची फाशी कायम केली. एकाच घटनेत सत्र न्यायालयाची १७२ ही संख्या अपिलात १९ वर आली, हे उदाहरण प्रक्षोभाच्या काळात दिलेल्या शिक्षांच्या फेरतपासणीची गरज दाखवण्यासाठी दिले जाते.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे सहायक पोलीस अधीक्षक जे. पी. साँडर्स यांची हत्या झाली. मारेकऱ्यांचा पाठलाग करणारे हवालदार चननसिंग हेही गोळी लागून मृत्युमुखी पडले. या खटल्यात भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेड (आताचे राजगुरुनगर) येथील शिवराम हरी राजगुरू यांना २३ मार्च १९३१ रोजी फाशी देण्यात आली. स्वतंत्र भारतात हे तिघे हुतात्मे मानले जातात. पोलिसाचा गणवेश ज्या राज्यसत्तेचे प्रतिनिधित्व करतो, तिच्या वैधतेवर या गुन्ह्याचे नैतिक मूल्यमापन किती अवलंबून असते, याचे हे भारतीय इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यासह अनेक पोलीस मारले गेले. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ अजमल कसाबची रायफल धरून ठेवली व त्यात त्यांना प्राण गमवावे लागले; त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कसाबला विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांनी ती कायम केल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. राष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारणे आणि हत्याकांडाची व्याप्ती हे या शिक्षेचे मुख्य आधार होते. मृतांमध्ये पोलीस असणे हा वेगळा गुन्हा नव्हता.

१ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील जांभुळखेडा येथे माओवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. अशा प्रकरणांत खुनाबरोबर बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमासारखे विशेष कायदेही लावले जातात.

इतर देशांतील तरतुदी

युनायटेड किंग्डम

१९५७ चा कायदा विसंगत असल्याची टीका लवकरच सुरू झाली. गोळी घालून केलेल्या खुनाला फाशी होती, तर थंड डोक्याने विष देऊन केलेल्या खुनाला जन्मठेप. १९६५ साली खुनासाठीची फाशी स्थगित करण्यात आली व १९६९ साली हा निर्णय कायम झाला. दरम्यान १२ ऑगस्ट १९६६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात तीन पोलिसांची गोळ्या घालून हत्या झाली आणि फाशी परत आणण्याची मागणी जोर धरू लागली. पुढील काळात ही मागणी अनेकदा संसदेत आली. १९८३ साली पोलिसांच्या हत्येपुरती फाशी आणण्याच्या प्रस्तावावर स्वतंत्र मतदान होऊन तो फेटाळला गेला.

२००३ च्या फौजदारी न्याय अधिनियमाने पोलिसाच्या खुनासाठी किमान कारावास ठरवताना ३० वर्षे हा प्रारंभबिंदू दिला. शेफर्ड्स बुश हत्याकांडातील हॅरी रॉबर्ट्स याची ४८ वर्षांच्या कारावासानंतर २०१४ साली सुटका झाली, तेव्हा पोलीस संघटनांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. २०१५ च्या कायद्याने हा प्रारंभबिंदू आजन्म कारावास असा केला. तो बंधनकारक आकडा नसून न्यायाधीश परिस्थितीनुसार त्यात बदल करू शकतो. २०१९ साली कर्तव्यावर मृत्युमुखी पडलेल्या अँड्र्यू हार्पर या पोलिसाच्या प्रकरणात आरोपी खुनाऐवजी मनुष्यवधाचे दोषी ठरले. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने बेकायदेशीर कृत्यातून घडलेल्या आपत्कालीन सेवकाच्या मनुष्यवधासाठीही, अपवादात्मक परिस्थिती वगळता, जन्मठेप बंधनकारक केली. ही तरतूद 'हार्पर कायदा' म्हणून ओळखली जाते. ती पोलिसांपुरती मर्यादित नसून अग्निशमन व रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

आयर्लंड

१९६४ नंतर आयर्लंडमध्ये फाशी काही मोजक्या गुन्ह्यांपुरती उरली. त्यांत 'गार्डा' म्हणजे पोलीस दलातील सदस्याची हत्या हा प्रमुख होता. १९७५ साली बँक दरोड्यानंतर पळणाऱ्यांचा पाठलाग करताना एका गार्डाचा खून झाला. तो त्या वेळी रजेवर व साध्या वेशात होता. नोएल व मेरी मरे या दांपत्याला १९७६ साली फाशी सुनावण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मृत व्यक्ती पोलीस आहे याची जाणीव, किंवा निदान त्या शक्यतेकडे केलेले बेपर्वा दुर्लक्ष, सिद्ध झाल्याशिवाय वाढीव गुन्हा लागू होत नाही, असे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. १९९० साली फाशी रद्द होऊन तिच्या जागी किमान ४० वर्षांचा कारावास आला. २००१ च्या घटनादुरुस्तीने मृत्युदंडावर घटनात्मक बंदी घातली.

कॅनडा

डिसेंबर १९६७ पासून कॅनडात फाशी केवळ पोलीस व तुरुंगरक्षकांच्या हत्येसाठी उरली होती. १९७६ साली ती रद्द होईपर्यंत या वर्गातील एकाही शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही. देशातील शेवटची फाशी १९६२ साली झाली होती. आज पोलिसाचा खून पूर्वनियोजित नसला तरी प्रथम श्रेणीचा खून ठरतो व दोषीला २५ वर्षे पॅरोलसाठी अर्ज करता येत नाही.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने

मृत्युदंड असलेल्या राज्यांत पोलिसाची हत्या ही सामान्यतः गांभीर्य वाढवणारी बाब मानली जाते. परंतु ती अनिवार्य फाशीचे कारण होऊ शकत नाही. रॉबर्ट्स विरुद्ध लुईझियाना (१९७७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी लुईझियानाचा अनिवार्य फाशीचा कायदा रद्द केला. पोलिसांच्या संरक्षणात राज्याचे विशेष हित आहे हे न्यायालयाने मान्य केले. मात्र आरोपीचे वय, मानसिक स्थिती किंवा पूर्वचारित्र्य यांसारख्या सौम्य करणाऱ्या बाबी विचारात घेण्यास वाव नसणे घटनाबाह्य ठरवले. २० जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या अध्यक्षीय आदेशात, कायदा अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या हत्येच्या संघीय खटल्यांत मृत्युदंडाची मागणी करण्याचे निर्देश महान्यायवाद्यांना देण्यात आले. शिक्षा ठरवण्याचा अंतिम अधिकार मात्र न्यायालयाकडेच राहतो.

इतर

फ्रान्सच्या दंड संहितेत खुनासाठी ३० वर्षांपर्यंत कारावास आहे. मृत व्यक्ती पोलीस असेल आणि तिचे पद उघड किंवा मारेकऱ्याला माहीत असेल तर जन्मठेप होऊ शकते. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने २०११ साली पोलिसाच्या खुनासाठी जन्मठेप अनिवार्य केली; तीतून अल्पवयीन व गंभीर बौद्धिक विकलांगता असलेले आरोपी वगळले आहेत. न्यूझीलंडमध्ये अशा खुनासाठी साधारणपणे किमान १७ वर्षे कारावास भोगावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत १९९७ च्या कायद्याने जन्मठेप ठरवली आहे. 'ठोस व सबळ' कारणे असल्यास न्यायालय कमी शिक्षा देऊ शकते.

कायदेशीर निकष

वेगळी शिक्षा सांगणाऱ्या कायद्यांत तीन प्रश्न वारंवार उद्भवतात. पहिला, मृत पोलीस कर्तव्यावर होता का. रजेवरील पोलिसाने समोर घडणाऱ्या गुन्ह्यात हस्तक्षेप केल्यास तो कर्तव्यावर मानायचा की नाही, यावर अनेक कायदे 'कर्तव्याच्या कारणावरून' असा शब्दप्रयोग करून उत्तर देतात. दुसरा, आरोपीला त्याचे पोलीस असणे माहीत होते का. आयर्लंडमधील मरे निकाल, फ्रान्सची तरतूद आणि भारतातील खासगी बचावाची मर्यादा या तिन्हींत ज्ञानाला महत्त्व आहे. तिसरा, पोलिसाची कृती कायदेशीर होती का. बेकायदेशीर अटक किंवा मारहाण करणाऱ्या पोलिसाला वाढीव संरक्षण द्यावे काय, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

कठोर शिक्षेच्या बाजूने युक्तिवाद

पहिला युक्तिवाद असा की पोलिसावरील हल्ला एका व्यक्तीपुरता राहत नाही. तो कायद्याच्या अंमलबजावणीवरच असतो. साक्षीदार किंवा न्यायाधीश यांच्या हत्येप्रमाणेच त्यामुळे इतर नागरिकांना मिळणारे संरक्षण दुबळे होते.

दुसरा युक्तिवाद कर्तव्याच्या स्वरूपावर आधारलेला आहे. सामान्य नागरिक धोक्यापासून दूर जाऊ शकतो, पण पोलिसाला तशी मुभा नसते. राज्य ज्याला धोक्यासमोर उभे राहण्याची आज्ञा देते, त्याला विशेष संरक्षण देणे हेही राज्याचे कर्तव्य आहे, असे समर्थक म्हणतात. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे २१ ऑक्टोबर १९५९ रोजी चिनी सैन्याच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या दहा पोलिसांच्या स्मरणार्थ भारतात हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्यामागेही ऋणाची हीच भावना आहे.

तिसरा युक्तिवाद व्यावहारिक आहे. आधीच जन्मठेपेची शिक्षा होण्याजोगा गुन्हा करून पळणाऱ्याला, अटक करायला आलेल्या पोलिसाला मारल्याने शिक्षा वाढत नसेल, तर गोळी झाडण्यापासून त्याला रोखणारे काही उरत नाही. न्यायालयांकडून पुरेशी शिक्षा मिळते असा विश्वास असेल तर पोलीस दलातील सूडभावना व चकमकींकडे असलेला कल कमी होईल, असेही काहींचे मत आहे.

विरोधी युक्तिवाद

विरोधकांचा मूलभूत आक्षेप समानतेचा आहे. मृताच्या पदावरून जिवाचे मोल ठरू नये, असे ते मानतात. वेगळा वर्ग करायचाच झाल्यास त्याची सीमा कोठे आखायची, हा प्रश्न राहतो. जानेवारी २०११ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळीविरुद्धच्या कारवाईत जिवंत जाळण्यात आले. ते पोलीस नव्हते. वाळूचोरी रोखणारे तलाठी, वनरक्षक, डॉक्टर आणि अग्निशामक हेही कर्तव्यापोटी धोका पत्करतात.

दुसरा आक्षेप धाक या कल्पनेवर आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ थॉर्स्टन सेलिन यांनी १९५० च्या दशकात फाशी असलेल्या व नसलेल्या राज्यांतील शहरांची तुलना केली. फाशीमुळे पोलीस अधिक सुरक्षित असल्याचे त्यांना आढळले नाही. विल्यम बेली व रूथ पीटरसन यांच्या १९८० व १९९० च्या दशकांतील अभ्यासांचेही निष्कर्ष असेच होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली, मृत्युदंडाच्या परिणामाविषयी तोवर झालेले संशोधन कोणत्याही बाजूने धोरण ठरवण्यास उपयोगी नाही, असे मत दिले. अनेक हत्या झटापटीत किंवा पळून जाण्याच्या धडपडीत क्षणार्धात घडतात. तेथे शिक्षेचा हिशेब करण्यास वेळ नसतो. सशस्त्र संघटनांच्या सदस्यांनी मृत्यूचा धोका आधीच पत्करलेला असतो. शिवाय एका पोलिसाला मारल्यावर सर्वोच्च शिक्षा अटळ झाली, तर शरण येण्याचे कारणच उरत नाही. समर्थकांचा व्यावहारिक युक्तिवाद येथे उलट दिशेने लागू होतो.

तिसरा आक्षेप चुकीच्या दोषसिद्धीचा आहे. अशा खटल्यांत तपास करणारे हे मृताचे सहकारी असतात व जनमत प्रक्षुब्ध असते. इंग्लंडमधील डेरेक बेंटली प्रकरण याचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. नोव्हेंबर १९५२ मध्ये क्रॉयडन येथील गोदामात चोरीचा प्रयत्न करताना क्रिस्टोफर क्रेग या १६ वर्षांच्या मुलाने सिडनी माइल्स या पोलिसाला गोळी घातली. त्या वेळी त्याचा १९ वर्षांचा साथीदार बेंटली आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. अल्पवयीन असल्यामुळे क्रेगला फाशी देता येत नव्हती. बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी दिली गेली. १९९८ साली अपील न्यायालयाने, मूळ खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता असे सांगून त्याची दोषसिद्धी रद्द केली.

चौथा मुद्दा उत्तरदायित्वाचा आहे. पोलिसांना वाढीव संरक्षण द्यायचे असेल तर त्यांच्या हातून घडणाऱ्या हत्यांनाही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे टीकाकार म्हणतात. मुंबईतील एका कथित बनावट चकमकीसंबंधीच्या प्रकाश कदम विरुद्ध रामप्रसाद विश्वनाथ गुप्ता (२०११) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, बनावट चकमकीत पोलिसांनी केलेला खून 'दुर्मिळातील दुर्मिळ' मानून मृत्युदंड द्यावा, असे मत नोंदवले होते. गणवेशामुळे मृताच्या बाजूने गुन्ह्याचे गांभीर्य वाढते, हे तर्कशास्त्र आरोपीच्या बाजूनेही लागू होते, हे या निरीक्षणातून दिसते.

सद्यस्थिती

भारतीय विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवाद व युद्ध पुकारणे यांच्याशी संबंधित गुन्हे वगळता मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस केली. म्हणजे पोलिसाच्या हत्येला आयोगाने स्वतंत्र अपवाद मानले नाही. भारतीय न्याय संहिता तयार करताना संसदेने मृत्युदंड कायम ठेवला. वंश, जात, भाषा, श्रद्धा आदी कारणांवरून पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) ही नवी तरतूद केली. पोलिसाच्या हत्येसाठी तशी तरतूद केली नाही.

वेगळा कायदा असलेल्या देशांतही अनिवार्य शिक्षेपेक्षा प्रारंभबिंदू किंवा किमान मुदत ठरवण्याकडे कल दिसतो. न्यू साऊथ वेल्ससारख्या अपवादातही आरोपीचे वय, आकलन आणि ज्ञान या अटी कायद्यातच लिहिलेल्या आहेत. त्यामुळे आजचा वाद मृताचे पोलीस असणे महत्त्वाचे आहे की नाही, यापेक्षा त्या बाबीचे वजन विधिमंडळाने आधीच ठरवून द्यावे की प्रत्येक खटल्यात न्यायाधीशाने ठरवावे, यावर केंद्रित झाला आहे.